४२ हजारांचा जुना फ्लाय रॉड: घ्यावा की नाही?

कोथरूडच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३६, चाकणच्या कारखान्यात अभियंता, हातात येणारा पगार ९२ हजार. गृहकर्जाचा हप्ता ३४ हजार, घरखर्च ३६ हजार, एसआयपी १२ हजार. अडीअडचणीसाठी बँकेत दीड लाख. ऑक्टोबरमध्ये ८० हजारांच्या आसपास बोनस मिळतो. मे महिन्यात मित्रांबरोबर हिमाचलात तीर्थन नदीवर गेले असताना त्यांनी पहिल्यांदा फ्लाय फिशिंग केलं, म्हणजे गळाला नकली माशी लावून मासेमारी, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. आता औंधला अमेरिकेहून परतलेले एक गृहस्थ आपला सेज कंपनीचा रॉड विकतायत, रीळ आणि लाइनसकट ४२ हजारांना. त्यांचं म्हणणं असं, की रॉड ८०० डॉलरला घेतलेला आहे, कंपनीची आयुष्यभराची हमी आहे आणि अशा वस्तूची किंमत पडत नाही. वाचक विचारतात: ही एक प्रकारची गुंतवणूकच समजून तीन महिने एसआयपी थांबवू का? आणि वापरलेल्या रॉडची खरी किंमत ओळखायची कशी?

उत्तर आधी सांगतो. रॉड घ्या. पण ४२ हजारांना नको, एसआयपी थांबवून नको आणि गुंतवणूक म्हणून तर मुळीच नको. नीट तपासून सगळं ठीक निघालं, तर २५ हजारांच्या आसपास हा सौदा चांगला आहे.

गुंतवणुकीचा मुद्दा आधी निकालात काढू. ४२ हजार रुपये सात टक्क्यांनी दहा वर्षं ठेवले तर साधारण साडेब्याऐंशी हजार होतात. म्हणजे रॉडला गुंतवणूक म्हणायचं असेल तर दहा वर्षं वापरून झालेला कार्बनचा रॉड कोणीतरी साडेब्याऐंशी हजारांना घ्यायला हवा. तसं होत नाही. दर काही वर्षांनी नवी मॉडेलं येतात, जुनी बंद होतात आणि हातबदलात किंमत खाली येते. संग्राहक ज्यांच्यामागे लागतात ते बांबूचे जुने रॉड वेगळे. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून हाताने घडवलेले ते रॉड, त्यातही हार्डीसारख्या १८७२ पासूनच्या इंग्लिश घराण्याचे, जपलेले असतील तर भाव धरून राहतात. कॅम्पातल्या एखाद्या जुन्या बंगल्यात तसा मिळाला तर मला जरूर लिहा, पण त्याचा हिशोब स्वतंत्र. तुमच्यासमोर आहे तो वापरायचा रॉड.

कराच्या बाजूनेही तेच. स्वतःच्या वापराची अशी जंगम वस्तू आयकर कायद्यात भांडवली मालमत्ता धरत नाहीत. विकून फायदा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही हे बरं, पण तोटा झाला तर तो शेअरमधल्या किंवा फंडातल्या नफ्यातून वळताही करता येत नाही. तो तोटा पूर्ण तुमचा.

मग किंमत ठरवायची कशी? माझा प्रश्न एकच असतो: आज घेतलेली वस्तू पुढच्या महिन्यात विकायची वेळ आली तर हातात किती येतील? तो आकडा म्हणजे वस्तूची किंमत. त्याच्यावर जे द्याल ती तुमच्या हौसेची किंमत. हौस करायला माझी हरकत नाही, पण ते दोन आकडे डोक्यात वेगळे असले पाहिजेत.

८०० डॉलर म्हणजे, डॉलर ९० रुपये धरला तर, ७२ हजार. विक्रेता या आकड्यापासून खाली मोजतोय, म्हणून ४२ स्वस्त वाटतात. तुम्ही दुसऱ्या टोकाने मोजा. परदेशातल्या जुन्या सामानाच्या साइटवर हेच मॉडेल शोधा आणि मागितलेले भाव न बघता प्रत्यक्ष विकले गेलेले भाव बघा. मागणारा काहीही मागतो. चांगल्या स्थितीतला, चालू पिढीच्या आधीचा रॉड नव्याच्या निम्म्याच्या आसपास गेला तर मला आश्चर्य वाटणार नाही, म्हणून ३६ हजारांपासून सुरुवात करू.

यातून पहिली वजावट हमीची. सेजची आयुष्यभराची हमी मूळ खरेदीदाराला असते. औंधच्या गृहस्थांनी खोटं सांगितलं असं मी म्हणत नाही, त्यांच्यासाठी ती हमी खरीच आहे. रॉड तुमच्या हातात आला की ती संपते. फ्लाय रॉडच्या किमतीत या हमीचा वाटा मोठा असतो, कारण हे रॉड तुटतात. गाडीच्या दारात सापडतात, पंख्याला लागतात, झाडीत अडकलेली माशी ओढताना टोक मोडतं. पहिला मालक तुकडा कंपनीकडे पाठवून थोड्या खर्चात नवा मिळवतो. तुम्हाला दुरुस्तीचे पूर्ण पैसे, शिवाय पुण्याहून अमेरिकेत पाठवायचा आणि आणायचा खर्च. मॉडेल बंद झालेलं असेल तर आणखी कटकट. यासाठी मी सहा-सात हजार कमी करीन.

दुसरी वजावट बाजाराची. इथे असा रॉड ओळखणारं गिऱ्हाईक कमी. उद्या विकायचा झाला तर तुम्हालाही महिनोन्महिने थांबावं लागेल, आणि हीच अडचण आज विक्रेत्याला आहे. आणखी तीन-चार हजार कमी. राहिले पंचवीस-सव्वीस.

रीळ आणि लाइन धरून किंमत वाढवायला ते बघतील. लाइनची किंमत शून्य धरा. फ्लायची लाइन म्हणजे दोऱ्यावर प्लॅस्टिकचा थर, आणि हलक्या माशीला पुढे नेणारं वजन त्या थरातच असतं. काही वर्षं रिळावर गुंडाळून पडलेली लाइन वेटोळ्यांचा आकार धरते, तिला बारीक चिरा जातात. नवी घ्यावीच लागणार, तिचे पाच-सात हजार वेगळे काढून ठेवा. रीळ चालू असेल तर दीड-दोन हजार जास्त द्यायला हरकत नाही.

हे सगळं रॉड धड असेल तरच. त्यामुळे औंधला दिवसाउजेडी जा आणि घाई करू नका.

मुठीच्या वर रॉडवर बारीक अक्षरांत आकडे असतात. ५९०-४ असं असेल तर लाइनचा नंबर ५, लांबी ९ फूट, तुकडे ४. सीरियल नंबरही तिथेच असतो, तो लिहून घ्या. मग चारही तुकडे टेबलावर एका रेषेत शेजारी शेजारी ठेवा. लांबी सारखी हवी. टोकाचा तुकडा इंच-दोन इंच आखूड दिसला तर टोक कधीतरी मोडलंय आणि उरलेल्यावर नवी कडी चिकटवली आहे. असा रॉड मासे पकडेल, पण त्याचा तोल गेलेला असतो आणि पुढचा जाणकार गिऱ्हाईक तो हातात घेताच खाली ठेवेल. मी तो दहा हजारांवर घेणार नाही.

नंतर सांधे. एक तुकडा दुसऱ्यात बसतो त्या तोंडाशी बोटाचं नख गोल फिरवा, केसासारखी उभी चीर असेल तर नख अडकतं. चीर दिसली तर तिथेच विषय संपला. रॉड जोडून हलकेच हलवा, आत टिकटिक ऐकू आली तर सांधा सैल आहे. किंचित सैल सांध्यावर मेणबत्तीचं मेण घासून लोक वर्षानुवर्षं वापरतात, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, पण भाव करताना बोलून दाखवा.

लाइन ज्यातून जाते त्या कड्यांमध्ये, विशेषतः मुठीजवळच्या मोठ्या कडीत, कान साफ करायची कापसाची काडी फिरवा. कापसाचे तंतू अडकले तर आतल्या चकतीला चीर किंवा खाच आहे, आणि ती तुमची नवी लाइन महिनाभरात खरवडून टाकेल. कडी बदलता येते, फार खर्च नाही. पूर्ण दांड्यावर उजेड तिरपा पाडून बघा. रंगाखाली फोड आले असतील तर रॉड ओला असतानाच नळीत बंद केलेला आहे, आणि पुण्याच्या पावसाळ्यात तसा दोन-तीन महिने पडला असेल तर बुचाच्या मुठीला बुरशीचा वास येईल. मूठ नाकाशी नेऊन बघायला लाजू नका. मूळ ॲल्युमिनियमची नळी आणि कापडी पिशवी आहे का तेही विचारा. विकताना त्या दोन गोष्टींनी फरक पडतो.

रॉडची ताकद बघायची म्हणून टोक हातात धरून कोणी वाकवत असेल तर थांबवा, चांगला रॉडही त्याने मोडतो. त्यापेक्षा सकाळी मुलं क्रिकेट खेळायला यायच्या आत एखाद्या मोकळ्या मैदानावर जा, लाइनच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि तीसेक फूट लाइन हवेत खेळवून बघा. मालक राजी नसतील तर भाव तसाच कमी धरा.

आता पत्रातल्या एका ओळीबद्दल, जी मला किमतीपेक्षाही महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिलंय, "मुळशी-पानशेतलाही रविवारी वापरता येईल." औंधचा रॉड पाच नंबरचा असेल तर तो ट्राउटसाठी, म्हणजे हिमाचलातल्या थंड पाण्यातल्या माशासाठी आहे. या नंबरांना वजनाचा आधार असतो: पाच नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आठ नंबरचे साडेतेरा. आपल्याकडचा मोठा मासा महसीर, आणि त्याला आठ-नऊ नंबर लागतो. दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, इतका तो आपला आहे. अशा माशाला कमजोर रॉडवर ताटकळत खेळवलं तर सोडून दिल्यावरही तो जगेलच असं नाही. शिवाय धरणांतले मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यामुळे आधी परवानगी, मग गळ. थोडक्यात, इथल्या रविवारांसाठी दुसरा रॉड, दुसरं रीळ, दुसरी लाइन. तो खर्च या रॉडच्या हिशोबात कुठेच नाही.

तेव्हा खरा खर्च बघू. रॉड २६ हजारांना घेतला, पाच वर्षांनी १४ हजारांना गेला, तर वर्षाला २,४०० रुपये पडले. हे काहीच नाही. पण पुण्याहून तीर्थनला जाऊन-येऊन, राहून, परवान्यासह पाच दिवसांची एक फेरी माणशी ३० हजारांच्या खाली बसवणं कठीण. तुमचा छंद महाग आहे तो प्रवासामुळे. ४२ हजारांचा रॉड आणि प्रवासाला पैसे नाहीत, म्हणून तो कपाटावर पडून, हे मला तुमच्या बाबतीत होऊ द्यायचं नाही. परदेशी कंपन्यांचे सुरुवातीचे पूर्ण संच दोनशे डॉलरच्या आसपास सुरू होतात. वाहतूक, सीमाशुल्क, जीएसटी धरूनही ते या सौद्यापेक्षा स्वस्त पडतात आणि हमी तुमच्या नावावर येते. औंधचा रॉड तपासणीत नापास झाला तर तिकडे वळा, शिकण्यात त्याने काही कमी पडणार नाही.

पैसे कुठून? एसआयपी नाही. तीन महिने थांबवलेली एसआयपी पुन्हा सुरू करताना नेहमी काहीतरी आडवं येतं, आणि तुमच्या घराला तिची गरज आहे. अडीअडचणीच्या दीड लाखालाही हात नाही. हप्ता आणि घरखर्च मिळून महिन्याला ७० हजार जातात, म्हणजे ते पैसे जेमतेम दोन महिने पुरतील. सहा महिन्यांचे चार लाख वीस हजार व्हायला हवेत. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते हे. म्हणून बोनसमधले ५० हजार तिथे जाऊ देत आणि उरलेले ३० रॉड आणि लाइनसाठी. तेवढ्यात भागलं नाही तर महिन्याला जे दहाएक हजार उरतात त्यातून चार हजार वेगळ्या खात्यात टाका. पुढच्या उन्हाळ्याच्या फेरीचा पायाही त्यातूनच पडेल.

ऑक्टोबरपर्यंत रॉड राहील का, ही भीती असेलच. हिमाचलात ट्राउटचा हंगाम १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असतो, तो उघडतो मार्चमध्ये. आत्ता पावसात तीर्थनचं पाणी गढूळ. म्हणजे तुम्हाला हा रॉड खऱ्या अर्थाने मार्चपर्यंत लागणारच नाही, आणि दुसऱ्या कोणालाही फारशी घाई नसेल. तपासणी मनासारखी झाली तर हजार रुपये इसार द्या आणि उरलेले बोनसला देईन असं स्पष्ट सांगा. २३ हजारांपासून बोलायला सुरुवात करा, २६ वर थांबा. रीळ गुळगुळीत फिरत असेल तर २८. त्यापुढे एक रुपयाही नाही.

सौदा ठरला तर साध्या कागदावर सीरियल नंबर, रक्कम, तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि त्यांच्याकडे मूळ बिल असेल तर त्याची प्रत मागून घ्या. तुम्ही विकाल तेव्हा पुढचा माणूस पहिल्यांदा तेच मागेल.