सहाशे डॉलरची बचत आणि हातातलं ग्रीन कार्ड

टेक्सासमधल्या डॅलसजवळून एका वाचकांनी विचारलं आहे: "अमेरिकेत चौदा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड मिळालं. ऑफिसातल्या मित्रांबरोबर एका शेतावर रानडुकरांच्या शिकारीला जातो, स्वतःची रायफल आहे. आवाजानं कान बधिर होतात म्हणून सायलेन्सर घ्यायचा विचार आहे. कारखान्यातला ८५० डॉलरला पडतो. ऑनलाइन एक किट २६० डॉलरला मिळतं आणि मित्राकडे लेथ आहे, तो करून देतो म्हणतो. जवळपास सहाशे डॉलर वाचतील, ते मुलीच्या ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या बचतखात्यात, टाकीन. बायको स्वतःच्या एच-१बीवर आहे. आईबाबा दर उन्हाळ्यात सहा महिने येतात. न्यू जर्सीतून नोकरीची एक ऑफरही आली आहे. काय करू?"

नमस्कार. तुमच्या पत्रात हिशेब दोन ओळींचा आहे. मला मात्र महत्त्वाची वाटली ती शेवटची तीन वाक्यं: बायकोचा व्हिसा, आईबाबा आणि न्यू जर्सी. तिकडे येतोच. आधी पैशांचं बघू.

करापासून सुरुवात करतो, कारण घरी केलं की कर वाचतो असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टनं सायलेन्सरवर २०० डॉलर कर लावला. विकत घ्या नाहीतर स्वतः बनवा, कर तोच. हा आकडा नव्वदहून जास्त वर्षं बदलला नाही. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यानं तो १ जानेवारी २०२६ पासून शून्यावर आणला, तोही दोन्हींसाठी. म्हणजे कर हा तुमच्या दोन पर्यायांमधला फरक आधीही नव्हता, आताही नाही. आणि गेला तो फक्त कर. नोंदणी, बोटांचे ठसे, फोटो, स्थानिक पोलीसप्रमुखांना पाठवायची प्रत, एटीएफची (बंदुकांचे नियम पाहणाऱ्या केंद्रीय खात्याची) मंजुरी, हे सगळं तसंच आहे. कर शून्य झाला म्हणजे सायलेन्सर मोकळा झाला असं समजून कुणी पुढे गेलं, तर गुन्हा पूर्वीइतकाच मोठा आहे: दहा वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड.

आता तुमच्या ५९० डॉलरचं काय होतं ते पाहा. रायफलच्या नळीला आटे पाडून घ्यायचे असतील तर तो खर्च दोन्हीकडे सारखाच, तो सोडून देऊ. घरच्या नळकांड्यावर तुमचं नाव, गाव, राज्य आणि अनुक्रमांक कोरावा लागतो. अंक किती उंच आणि किती खोल, हेही नियमात आहे, त्यामुळे बहुतेक जण ते पैसे देऊन कोरून घेतात. कारखान्याच्या मालाबरोबर बहुधा दुरुस्तीची हमी येते. आतल्या चकत्यांना, म्हणजे बॅफलना, गोळी घासून गेली तर कंपनी तो उघडून चकत्या बदलते. घरी केलेल्यात तसं झालं तर तुम्ही स्वतः नवी चकती करून बसवू शकत नाही. कायद्याच्या नजरेत फक्त सायलेन्सरसाठीच असलेला सुटा भागसुद्धा 'सायलेन्सर'च असतो, त्यामुळे जास्तीची एक चकती ड्रॉवरमध्ये ठेवणं म्हणजे नोंदणी नसलेला दुसरा सायलेन्सर ठेवणं. दुरुस्ती परवानाधारक उत्पादकाकडूनच करून घ्यावी लागते, आणि त्यानं दुसऱ्याच्या हातचं काम अंगावर का घ्यावं? विकायची वेळ आली तर कारखान्याचा माल डीलर कमी भावात का होईना घेतो. घरच्याला गिऱ्हाईक मिळणं फार अवघड. बचत म्हणून तुम्ही धरलेली रक्कम माझ्या हिशेबानं तीन-चारशेच्या पुढे जात नाही.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, हौस आहे, करा. अमेरिकेत रीतसर फॉर्म १, म्हणजे स्वतः बनवण्याच्या परवानगीचा अर्ज, भरून, मंजुरी हातात आल्यावरच काम सुरू करून, घरी सायलेन्सर केलेले बरेच लोक आहेत आणि त्यात बेकायदा काही नाही. पण तुमची योजना तशी नाही.

पहिली अडचण तो मित्र आणि त्याची लेथ. फॉर्म १ वर 'बनवणारा' म्हणून तुमचं नाव असेल. ते काम मित्रानं केलं तर परवाना नसताना बनवणारा तो ठरतो. "आज रात्री इथेच राहू दे, उद्या पुरं करू" म्हणून तुकडा त्याच्या गॅरेजमध्ये राहिला, तर नोंद एकाची आणि ताबा दुसऱ्याचा. आपल्याकडे शेजारच्या वर्कशॉपमध्ये काहीही करून आणायची सवय असते, ती चांगलीच आहे. इथे मात्र तीच दोघांना गोत्यात आणेल.

दुसरी अडचण ते किट. अशी किटं बंदूक साफ करताना निघणारं द्रावण गोळा करायचं साधन म्हणून विकली जातात. २०२२ मध्ये एटीएफनं अशा किटांवर आधारलेले फॉर्म १ मोठ्या संख्येनं नाकारले. म्हणणं असं की यातले अनेक संच कायद्यानं आधीच सायलेन्सर आहेत, म्हणजे पार्सल दारात आलं त्याच क्षणी तुमच्याकडे नोंदणी नसलेली वस्तू आली. इंधन फिल्टरच्या नावाखाली परदेशातून येणारे संच कस्टम्सनंही पकडले आहेत. आणि नोंदणी नसलेल्या वस्तूची नंतर नोंदणी करता येत नाही. तशी सूट १९६८ मध्ये महिनाभर दिली होती. आज तशी सोय नाही.

हे मला का टोचतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी, माझ्याकडून पैशांचा सल्ला घेणाऱ्या एका गृहस्थांच्या पश्चात, त्यांच्या पत्नीबरोबर मी कागद लावत बसलो होतो. विमा, निवृत्तीखाती, घराचा दस्त, सगळं लागलं. मग त्यांनी गॅरेजमधल्या कप्प्यातून जुन्या बनियनच्या फडक्यात गुंडाळलेलं काळं नळकांडं काढून टेबलावर ठेवलं. "हे टॉर्चचं असेल, नाही का? सेल घालायची जागा मात्र सापडत नाही." मी हात न लावता वाकून पाहिलं. कुठेही अंक नव्हता, नाव नव्हतं, आणि फायलीत त्याचा एकही कागद नव्हता. त्याच दिवशी वकिलाला फोन लावला आणि ती वस्तू रीतसर सरकारजमा केली. त्या बाईंवर काही आलं नाही. पण नवरा जाऊन पाच आठवडे झालेल्या बाईला "मला अटक होईल का?" असं विचारताना मी ऐकलं आहे. वकिलाच्या बिलात कारखान्यातले चार सायलेन्सर आले असते. नोंदवलेली वस्तू असती, तर कायदेशीर वारसाच्या नावावर फॉर्म ५ भरून, कर न देता, लावता आली असती.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही नागरिक नाही, ग्रीन कार्डधारक आहात. ग्रीन कार्डवर बंदूक बाळगता येते, नोंदवलेला सायलेन्सरही. पण चूक झाली तर नागरिकाला जी शिक्षा, तेवढ्यावर तुमचं भागत नाही. अमेरिकी कायद्यात 'फायरआर्म'च्या व्याख्येतच सायलेन्सर येतो, आणि बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येतं. त्याहून गंभीर म्हणजे नोंदणी नसलेली अशी वस्तू बाळगण्याचं कलम, ५८६१, इमिग्रेशन कायद्यात 'अॅग्रव्हेटेड फेलनी'च्या, म्हणजे सर्वांत गंभीर धरलेल्या गुन्ह्यांच्या, यादीत नावानिशी आहे. तो शिक्का बसला की सुटकेचे बहुतेक दरवाजे बंद होतात आणि नागरिकत्वही कायमचं हुकतं. चौदा वर्षं, घराचं कर्ज, मुलीची शाळा, हे सगळं एका पारड्यात, आणि दुसऱ्यात तीन-चारशे डॉलर. असा सौदा मी कुणालाही करू देणार नाही.

"टेक्सासचा कायदा आमच्या बाजूनं आहे" असं नेमबाजीच्या रेंजवर कुणी सांगितलं असेल. टेक्सासनं २०२१ मध्ये तसा कायदा केला खरा: राज्यात बनलेल्या आणि राज्यातच राहणाऱ्या सायलेन्सरला केंद्राचे नियम लागू नाहीत असा. पण त्याच्या जोरावर केंद्राविरुद्ध गेलेला दावा न्यायालयात टिकला नाही. कॅन्ससनं २०१३ मध्ये असाच कायदा केला होता. त्यावर भरवसा ठेवून सायलेन्सर विकणारा दुकानदार आणि तो घेणारं गिऱ्हाईक, दोघेही केंद्रीय न्यायालयात दोषी ठरले आणि अपिलातही तो निकाल कायम राहिला. राज्याच्या कायद्यावर विश्वास होता, हा बचाव चालला नाही.

मग कारखान्यातला घ्यावा का? घेता येईल, पण आत्ता नको.

तुमच्या पत्नी एच-१बीवर आहेत. अशा व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते तुमच्या घरात लागू होतात का हे वकिलानं ठरवायचं. आईबाबा भेटीच्या व्हिसावर येतात, त्यांनाही हेच लागू. म्हणजे तुम्ही ऑफिसला गेल्यावर तिजोरीची किल्ली स्वयंपाकघरातल्या हुकाला लटकलेली असेल, तर "ताबा कुणाचा?" हा प्रश्न उभा राहतो. सायलेन्सर एकट्याच्या नावावर असेल तर तुमच्या गैरहजेरीत तो दुसऱ्याच्या हाती लागता कामा नये. लोक यासाठी ट्रस्ट करतात, पण बायकोला त्यात विश्वस्त म्हणून घ्यायचं तर तिच्याबद्दलही तेच प्रश्न येतात. तुमची रायफल आज कुठे आणि कशी ठेवलेली आहे? सायलेन्सर घ्या नाहीतर नका घेऊ, आधी आकड्यांच्या कुलुपाची पेटी घ्या आणि आकडा फक्त तुम्हाला माहीत असू द्या. हा खर्च मी पहिला धरतो.

आणि न्यू जर्सी. तिथे सायलेन्सर बाळगणं हाच गुन्हा आहे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाईतही सर्वसामान्य माणसाला तो ठेवता येत नाही. आपल्या क्षेत्रातल्या नोकऱ्या जिथे जास्त, त्यातली बरीच राज्यं याच यादीत आहेत. ऑफर स्वीकारलीत तर ८५० डॉलरची वस्तू सहा महिन्यांत डीलरला पडेल भावात देऊन निघावं लागेल. घरी नेऊ म्हणाल, तर १९५९ च्या भारतीय शस्त्र कायद्यातही आवाज दाबणारं साधन 'फायरआर्म'मध्येच मोडतं, तेव्हा बॅगेत घालून कोल्हापूरला न्यायचा विचारही नको.

कानांचं म्हणाल, तर ते खरंच जपा, ही चैन नाही. रायफलचा बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि सायलेन्सर त्यातले साधारण २० ते ३५ कमी करतो, म्हणजे तो लावूनही कानाला संरक्षण लागतंच. आत बोळे आणि वर चांगले इयरमफ, दोन्ही मिळून शंभर-दीडशे डॉलरमध्ये होतं. ते या शनिवारीच घ्या.

किट मागवलं नसेल तर मागवू नका. मागवलं असेल तर पार्सल न उघडता, परत पाठवण्याआधीच, बंदूक कायदा आणि इमिग्रेशन दोन्ही कळणाऱ्या वकिलाशी बोला. ती फी मी या महिन्याच्या खर्चात धरायला सांगेन. ८५० डॉलरमधून इयरमफ आणि पेटी वजा जाता जे उरेल ते मुलीच्या खात्यात जाऊ द्या. न्यू जर्सीचं उत्तर कधीपर्यंत द्यायचं आहे ते मला कळवा. टेक्सासमध्येच राहायचं ठरलं, तर पत्नीच्या ग्रीन कार्डची तारीख कुठे आहे ते पाहून फॉर्म ४ चं, म्हणजे तयार सायलेन्सर विकत घेण्याच्या अर्जाचं, आपण पुन्हा बोलू.