टॉर्च धरण्यापुरतं बोलावू नका

"जुनी गाडी घराला जोडून ठेवेल असं वाटलं होतं, आता तिच्यावरूनच भांडणं होतात." पालकांची ही तक्रार समुपदेशनात वारंवार येते. पुढचा अनुभव अशाच एका घरातला आहे; ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वडील पन्नाशीचे, मुलगी सतरा वर्षांची. गाडी आजोबांच्या वेळची, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि पॉइंटवर (ठिणगीसाठी उघडझाप करणारा स्विच) चालणारी. लहानपणी मुलगी आपणहून बॉनेटपाशी येऊन उभी राहायची. आता वडिलांची हाक आली की खोलीचं दार लागायचं. वडिलांनी याचं खापर फोनवर फोडलं. मुलगी म्हणाली, "बाबा मला टॉर्च धरायलाच बोलावतात. तो जरा हलला तरी ओरडतात."

शेवटचं भांडण नेमकं कोणत्या कामात झालं, एवढंच दोघांना विचारलं. उत्तर आलं, ब्रेकमधली हवा काढताना.

हे काम मुळातच दोघांचं आहे. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा निपल (हवा सोडायचा छोटा पोकळ स्क्रू) पाव ते अर्धा फेरा सैल करायचा, ब्रेक ऑइलसोबत हवेचे बुडबुडे बाहेर आले की निपल पुन्हा आवळायचा आणि मगच पेडल सोडायचं. निपल उघडा असताना पाय उचलला गेला की हवा परत आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया. त्यात गाडीखालच्याला पाय दिसत नाही, वरच्याला निपल दिसत नाही. वडील "हं" म्हणायचे; मुलीला कधी वाटे दाबायचं, कधी सोडायचं. दोष दोघांचाही नव्हता, शब्दच ठरलेले नव्हते.

मग शब्द ठरले. हुकूम फक्त निपलवाल्याने द्यायचा: "दाब" आणि "सोड". पेडलवरच्याने दरवेळी उत्तर द्यायचं: "दाबलंय", "सोडलंय". उत्तर आल्याशिवाय पान्याला हात नाही. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं की बुडबुडे थांबले की नाही यावर वाद उरत नाही. ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी पाहणंही पेडलवाल्याचंच काम, कारण ती तळाला गेली की तिथूनही हवा शिरते. जुन्या गाडीत पेडल पार खालपर्यंत दाबू नये, खाली लाकडाचा ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याचा) जो भाग एरवी वापरात येत नाही तिथे गंज असू शकतो आणि त्यावरून घासून आतला रबरी वॉशर फाटू शकतो. गाडी अर्थातच पक्क्या आधाराच्या स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर कधीच नको.

यातली सर्वांत महत्त्वाची अट वेगळीच होती: दर चाकाला जागा बदलायची. निपल मुलीच्या हातात आला तेव्हा वडिलांना कळलं की वर बसून हुकमाची वाट बघणं किती अवघड असतं.

दुसरं भांडण जास्त खोल होतं. इंजिन तापलं की गाडी बंद पडे आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा सुरू होई. वडिलांनी एकाच बैठकीत पॉइंट आणि त्याला जोडलेला कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा विजेचा छोटा भाग) बदलले, कार्बोरेटरचे स्क्रूही फिरवले. गाडी आणखी बिघडली आणि राग मुलीवर निघाला. जुन्या गाडीचे पार्ट सहज मिळत नाहीत. अशा वेळच्या ओरडण्यात बऱ्याचदा काहीतरी कायमचं मोडेल ही भीती असते. ती मुलीसमोर बोलून दाखवायला सांगितलं. वडिलांना ते जड गेलं, पण त्यांनी सांगितलं.

कामासाठी नियम एकच दिला: एका वेळी एकच बदल, तोही वहीत लिहून. गाडी बंद पडताच, ती गार होण्याआधी, मुलीने स्पार्क प्लगला ठिणगी येते का पाहायचं (प्लग इंजिनच्या धातूला टेकवून, इन्सुलेटेड पकडीने, पेट्रोलपासून लांब). ठिणगी नसेल तर संशय कॉइल (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणारा भाग) किंवा कंडेन्सरवर. ठिणगी सणसणीत असेल तर पेट्रोलकडे वळायचं. उष्णतेने नळीतच त्याची वाफ होत असेल. इथे ठिणगीच नव्हती. कॉइल बदलली, प्रश्न मिटला.

त्यानंतर इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची, पूर्ण जबाबदारी मुलीकडे गेली. पूर्ण म्हणजे पूर्ण, वडिलांनी मागून पाना घ्यायचा नाही. पॉइंटची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बसवायची, साधारण 0.4 मिमी, पण त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. फट बदलली की टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) सरकतं, म्हणून आधी फट, मग टायमिंग आणि कार्बोरेटर सगळ्यांत शेवटी. तिने फट चुकवली तर गाडी नीट चालणार नाही, इतकंच. ती पुन्हा बसवता येते. ब्रेक मात्र मोठ्या माणसाने तपासल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

आईची तक्रार वेगळी होती, सुट्टीचा अख्खा दिवस गाडी खाते. तिथे वेळेची मर्यादा घातली. शेवटचा अर्धा तास फक्त आवराआवरीचा, त्यात नवा नट उघडायचा नाही. जाम झालेल्या बोल्टला आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडून ठेवायचं. घाईत जोर लावला की बोल्ट तुटतो आणि तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. शिवाय गाडी नुसती पाच मिनिटं सुरू करून बंद करणं वाईटच, ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. ती पूर्ण तापेपर्यंत, अर्धा तास तरी, रस्त्यावर चालवायला हवी. हा फेरा आईने मागून घेतला. स्टिअरिंगवर आई, शेजारी मुलगी, आणि वडील मागच्या सीटवर.