प्रकल्प बदलू नका, आवाका कमी करा

प्रश्न : मी सोलापूर जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सच्या अंतिम वर्षाला आहे. मातीतील ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी यंत्रणा हा आमच्या चौघांचा प्रकल्प आहे. कुंडीत ती उत्तम चालते. शेतात मात्र खाली ओल असूनही सेन्सर जमीन कोरडी दाखवतो. सादरीकरणाला दोन महिने उरले असून तयार प्रकल्प विकत घ्यावा, असे दोघा मित्रांचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?
— एक विद्यार्थी

उत्तर : तयार प्रकल्प मुळीच घेऊ नका. तुमच्या यंत्रणेने जी चूक दाखवली आहे, तिचे कारण शोधणे हेच खरे अभियांत्रिकीचे काम आहे आणि ते दोन महिन्यांत होण्यासारखे आहे.

काळी जमीन वाळताना आकसते व भेगाळते. सेन्सरची पट्टी आणि माती यांच्यात पोकळी राहिली, की कपॅसिटिव्ह सेन्सर (भोवतालच्या पदार्थाच्या विद्युत गुणधर्मावरून ओलावा ठरवणारा) मातीऐवजी बरीचशी हवाच मोजतो. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक (विद्युतभार साठवण्यास पदार्थ किती मदत करतो, ते दाखवणारा आकडा) सुमारे ८०, तर हवेचा जवळजवळ १ असल्यामुळे वाचन एकदम कोरड्याकडे झुकते. म्हणून पट्टी मातीत घट्ट बसवून पुन्हा वाचने घ्या. ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा नियंत्रक) वापरत असाल, तर सेन्सर त्यातील एडीसी १ च्या (एडीसी म्हणजे सेन्सरचा विद्युतदाब आकड्यांत बदलणारा भाग) पिनेला जोडला आहे ना, हेही पाहा, कारण वाय-फाय चालू असताना एडीसी २ वर भरवशाचे वाचन मिळत नाही.

यानंतर अंशांकन करा, म्हणजे सेन्सरचे वाचन प्रत्यक्ष ओलाव्याशी जुळवून घ्या, आणि ते कुंडीतल्या नव्हे, त्याच शेतातल्या मातीवर करा. कमीअधिक ओलीचे नमुने घेऊन प्रत्येकाचे सेन्सरवाचन नोंदवा, नमुना तोला, सिव्हिल विभागाच्या ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला साधारण २४ तास वाळवा आणि पुन्हा तोला. घटलेल्या वजनाला कोरड्या मातीच्या वजनाने भागून १०० ने गुणले, की ओलाव्याची टक्केवारी मिळते. ती आणि सेन्सरवाचन यांचा आलेख हा तुमच्या अहवालाचा गाभा ठरेल.

मोबाइल अॅप, हवामानाचा अंदाज वगैरे भाग आता सोडून द्या. एक वाफा, सेन्सर पुरण्याची एकच खोली, एक व्हॉल्व्ह एवढेच पुरे. विकत घेण्याचा आग्रह धरणाऱ्या मित्रांवर नमुने वाळवण्या-तोलण्याचे काम सोपवा, म्हणजे तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांना तेही स्वतः केलेल्या कामाविषयी सांगू शकतील. पहिले काही बिंदू हाती येताच, आलेख पूर्ण होण्याची वाट न पाहता, ते मार्गदर्शकांना दाखवा आणि बदललेल्या आवाक्याला त्यांची लेखी संमती घ्या.