वायफायचं नाव लपवलं, मॅक फिल्टर लावला, एवढ्यावर भागतं का?

तुम्ही विचारलंय की नाव लपवलंय, मॅक फिल्टर (म्हणजे यादीत ओळख क्रमांक असलेल्या उपकरणांनाच आत घेणारी सोय) लावलाय, मग डब्ल्यूपीए२ राहू दे का डब्ल्यूपीए३ वर जाऊ (ही वायफायला पासवर्डचं कुलूप लावायची जुनी आणि नवी पद्धत). पहिल्या दोन गोष्टींना सुरक्षा म्हणूच नका. हे मी चिडूनच लिहितोय, कारण याच्यावरनं माझं आणि माझ्या काकांचं तीन वर्षं वाजलंय.

काकांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप. वायफायचा पासवर्ड म्हणजे दुकानाचा मोबाईल नंबर, तोच बाहेर बोर्डावर रंगवलेला. बदला म्हटलं की म्हणायचे, "आरं नाव दिसंना, फिल्टर लावलाय, आता कोण येतंय आत? ईस वर्सं धंदा करालोय मी." शेवटी त्यांना विचारूनच एका रविवारी लॅपटॉप घेऊन बसलो. त्यांचा फोन जोडला गेला की लपवलेलं नाव तो स्वतःच हवेत सांगतो, आणि मॅक अॅड्रेस (उपकरणाचा तो ओळख क्रमांक) तर बाकी माहिती सांकेतिक करून पाठवली तरी उघडाच जातो, तो उचलून माझ्या लॅपटॉपला लावला की फिल्टर संपला. राहिला पासवर्ड. डब्ल्यूपीए२ मध्ये फोन जोडताना राउटरशी जी चार निरोपांची देवाणघेवाण होते ती पकडली की पुढचे अंदाज घरी बसून लावता येतात, राउटरला पत्ताही लागत नाही. मी बोर्डावरचा आणि बिलबुकावरचे नंबर यादीत टाकले, चहा यायच्या आत पासवर्ड समोर. बोर्ड नसता तरी ६ ते ९ नं सुरू होणारे दहा आकडी नंबर होऊन होऊन ४०० कोटी, चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला लाखांनी तपासतं, म्हणजे काही तासांचं काम. आत शिरल्यावर कोटेशनचं फोल्डर बिनपासवर्डचं शेअर केलेलं, गिऱ्हाइकांचे सगळे रेट उघडे! आणि काकांनी काय केलं, तर घरच्या प्रत्येक कार्यात "ह्यानंच आमचं वायफाय फोडलं" म्हणून सांगत सुटले. मी फोडलं नाही काका, ते उघडंच होतं.

तर डब्ल्यूपीए३ (२०१८ ला आलं) मिळत असेल तर तेच घ्या, त्यात प्रत्येक अंदाज राउटरलाच विचारून लावावा लागतो, घरी नेऊन फोडता येत नाही. नसेल तर डब्ल्यूपीए२ एईएस वर (राउटरच्या सेटिंगमधला माहिती सांकेतिक करायचा पक्का प्रकार) ठेवा आणि पासवर्ड मोठा, ६३ अक्षरांपर्यंत चालतो, एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द टाका. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिननं जोडायची राउटरची सोय) बंदच करा, त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, त्यामुळं जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालंय.

हां, जुने फोन आणि प्रिंटर डब्ल्यूपीए३ ला जोडत नाहीत, मग दोन्हीचा मिश्र मोड लावावा लागतो, पण तेव्हा जुन्या उपकरणाची देवाणघेवाण पकडता येतेच, म्हणून पासवर्ड तिथंही मोठाच हवा. आणि हे सगळं स्वतःच्या नाहीतर परवानगी असलेल्या नेटवर्कवरच करून बघा, दुसऱ्याच्या नेटवर्कवर केलं तर गुन्हा आहे.

कामाला माणसं असतील तर एकच पासवर्ड सगळ्यांना देऊ नका, प्रत्येकाला वेगळं नाव-पासवर्ड देणारा एंटरप्राइज मोड असतो, माणूस सोडून गेला की त्याचंच खातं बंद करायचं. काकांकडनं गेल्या दोन वर्षांत चार पोरं सोडून गेली, पासवर्ड अजून तोच आहे.