अर्ली अ‍ॅक्शनमध्ये प्रवेश मिळाला, तरी मुलीला अमेरिकेतल्या आणखी कॉलेजांना अर्ज करता येतो का?

हो, खुशाल करा. अर्ली अ‍ॅक्शनची ऑफर (म्हणजे लवकर अर्ज करून लवकर मिळालेला प्रवेश) बंधनकारक नसते. तुमच्या मुलीला डिसेंबरात होकार आला असला, तरी कळवायला साधारण १ मेपर्यंत मुदत असते. पत्रातली तारीख मात्र नीट बघून घ्या. बंधन असतं ते अर्ली डिसिजन या लवकरच्या दुसऱ्या प्रकारच्या अर्जाला. तिथे निवड झाली की बाकीचे अर्ज मागे घ्यावे लागतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांच्या अर्ली फेरीत इतर खासगी कॉलेजांना 'अर्ली' अर्ज करण्यावर निर्बंध आहेत, पण नंतरच्या रेग्युलर, म्हणजे नेहमीच्या फेरीला आडकाठी नाही.

माझ्या मते खरा प्रश्न पैशांचा आहे. हातातल्या ऑफरमध्ये स्कॉलरशिप किती, ती चारही वर्षं मिळणार का, आणि ती टिकवायला किती जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, हे आधी वाचा. आकडा झेपत नसेल तर अजून अर्ज करायलाच हवेत. भारतातून जाणाऱ्या मुलांनी आर्थिक मदत अर्जासोबतच मागावी. 'आधी प्रवेश मिळू दे, मग बघू' म्हटलं तर बऱ्याच कॉलेजांत नंतर दार बंद असतं.

मात्र प्रवेश मिळालेल्या कॉलेजपेक्षा जिथे जायला तिला खरंच जास्त आवडेल, तिथेच अर्ज करा. नुसतं नाव मोठं म्हणून नको. एकेका अर्जाची फी ७५-९० डॉलरपर्यंत जाते, शिवाय प्रत्येकाचे वेगळे निबंध, तेही बारावीच्या ऐन अभ्यासात! रेग्युलरच्या बऱ्याच मुदती जानेवारीच्या सुरुवातीलाच संपतात, तेव्हा यादी याच आठवड्यात पक्की करा. जागा पक्की करायचं डिपॉझिट शेवटी एकाच ठिकाणी भरा आणि बाकीच्यांना लगेच नकार कळवा, म्हणजे वेटलिस्टवरच्या कुणाला तरी जागा मिळेल.