दशावतार पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी

अरे दशावतार, म्हणजे गावच्या जत्रेत रात्रभर चालणारं लोकनाट्य, बघायला सिंधुदुर्गात जातोयस ना, मग दोन दिवसांत पाच गावं वगैरे प्लॅन आधी रद्द कर. एकच जत्रा पकड, कार्तिकापासून सुरू होतात, पण तारीख तिथीवर असते म्हणून गावातच कुणाला तरी फोन करून विचार.

- नाटक पालखीनंतर, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास सुरू होतं. दुपारी झोप काढ. नवखे एक वाजता उठून जातात, मीही पहिल्यांदा तेच केलं आणि पहाटेचं युद्ध हुकलं.
- रंगपटात (नट रंगतात ती जागा) डोकाव, पण आधी विचारून. आरशासमोर मिशीवाला काका हळूहळू राणी होताना बघणं हाच अर्धा खेळ. फ्लॅश नको.
- संवाद लिहिलेले नसतात, स्टेजवरच सुचतात, त्यामुळे सगळं कळलं नाही तरी पखवाज आणि पायपेटीकडे (पायाने भाता मारायची पेटी) कान ठेव.

खाजा घे, चादर ने, थंडी वाजते!