मुलींच्या आइस हॉकीची पगारी टीम काढली, तर पहिली दोन-तीन वर्षं कशी जातात?

प्रश्नात दोन गोष्टी विचारल्यात. अमेरिकेतल्या अशा टीमची सुरुवात कशी झाली, आणि लडाखच्या मुलींची तशी टीम निघू शकते का. शेवटी "पण बघायला कोणी येत नाही, मग पगार कुठून देणार?" अशी पुस्तीही जोडलीय. हे वाक्य आमचे साडू दर गणपतीत ऐकवतात, त्यामुळे उत्तर लांबणार.

न्यूयॉर्क रिव्हेटर्सचं बघा. तीन सीझनमध्ये तळ, पगारकपात आणि करंडक, सगळं या एका टीमच्या वाट्याला आलं. २०१५ मध्ये डॅनी रायलन यांनी एनडब्ल्यूएचएल ही बायकांच्या आइस हॉकीची अमेरिकन लीग काढली. बॉस्टन, बफेलो, कनेटिकट आणि न्यूयॉर्क अशा चार टीम. कॅनडात सीडब्ल्यूएचएल ही बायकांची लीग २००७ पासून चालू होती, पण तिथे खेळाडूंना पगार नव्हता. इथे होता. टीममागे पगाराची मर्यादा २,७०,००० डॉलर, किमान पगार १०,०००. अठरा जणींत वाटले की सरासरी १५,००० पडतात. शिवाय नावाची जर्सी विकली गेली की त्यातले १५ टक्के त्या खेळाडूला. न्यूयॉर्कात एवढ्यात घरभाडंही निघत नाही, म्हणून बऱ्याच जणी दिवसा नोकरी करायच्या. आठवड्यात दोन संध्याकाळी सराव, मॅच शनिवार-रविवारी.

पहिलं घर ब्रुकलिनमधलं एव्हिएटर, फ्लॉइड बेनेट फील्ड या जुन्या विमानतळावरचं रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान. पहिली मॅच ११ ऑक्टोबर २०१५ ला स्टॅमफर्डला, कनेटिकटकडून ४-१ अशी हार. गोलवर जपानची नाना फुजिमोतो होती, त्याच वर्षीच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधली सर्वोत्तम गोली. तरी सीझनअखेर टीम तळाला. एकट्या गोलीच्या जिवावर हॉकी जिंकता येत नाही.

आता जे कोणी सांगत नाही ते. नव्या टीमचा जीव बर्फाच्या भाड्यात अडकलेला असतो. रिंक दुसऱ्याचं असलं की संध्याकाळचे चांगले तास लहान मुलांच्या क्लबांनी आधीच घेतलेले असतात आणि पगारी टीमला रात्रीचा उरलासुरला स्लॉट मिळतो. भाडं तासाचं, पण त्यातली दहा मिनिटं झांबोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, खाते. ते पैसे वाचवायला झांबोनी नको म्हटलं, तर आधीच्या पोरांनी खरवडलेल्या बर्फावर पक (हॉकीची रबरी चकती) उड्या मारतो आणि पासिंगचा सराव फुकट जातो. स्वतःची ड्रेसिंग रूम नसेल तर ओलं सामान तसंच बॅगेत कोंबून गाडीच्या डिकीत. मग ग्लोव्ह्जचे तळवे कडक होऊन फाटतात, स्केटच्या पात्याला गंज चढतो. धार लावणारा माणूस टीमचाच हवा. पात्याखालच्या खाचेची गोलाई प्रत्येकीची वेगळी असते, कोणी अर्ध्या इंचाची त्रिज्या मागते, कोणाला त्याहून उथळ खाच लागते. रिंकच्या दुकानातल्या पोराने सगळ्यांना एकच धार लावली की पहिल्या पिरियडमध्ये अर्ध्या जणी वळणावर घसरतात. कार्बनची चांगली स्टिक अडीचशे-तीनशे डॉलरची, आणि एका स्लॅप शॉटमध्ये, म्हणजे जोरदार फटक्यात, पात्याजवळ तडकू शकते. ती कोणाच्या पैशाने येणार हे करारात लिहून घ्यायचं. तोंडी ठरलं की भांडण ठरलेलं.

दुसऱ्या सीझनला टीम न्यूअर्कला, न्यू जर्सी डेव्हिल्स या पुरुषांच्या टीमच्या सरावाच्या रिंकवर गेली. अमांडा केसल या खेळाडूला २६,००० डॉलरवर घेतलं, तोवरचा लीगमधला सगळ्यात मोठा करार. आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये, सीझन चालू असताना, लीगने पगार निम्म्यापर्यंत कापले. किमान १०,००० चे ५,००० झाले. डंकिन डोनट्सने ५०,००० डॉलर दिले, त्याने फार तर दुखणं लांबलं.

साडूंचं म्हणणं, बघा, शेवटी बाजाराने जागा दाखवलीच. साफ चूक. प्रेक्षक कमी असणार हे पहिल्या दिवशीच माहीत होतं. दुसऱ्या वर्षी कुठली टीम तिकिटांवर चालते? चूक झाली ती बँकेत नसलेल्या पैशाचे करार करण्यात, आणि येतील-येतील म्हणत स्पॉन्सरच्या भरवशावर सीझन सुरू करण्यात. पगार द्यायला नको होता असं त्यातून निघत नाही. उलट करार होते म्हणूनच कपातीचा जाब जाहीरपणे विचारता आला. फुकट खेळणाऱ्या मुलीचं काय कापणार?

तिसऱ्या वर्षी डेव्हिल्सशी भागीदारी झाली. नाव मेट्रोपॉलिटन रिव्हेटर्स, रंग लाल-काळा. एनएचएलच्या (पुरुषांच्या मोठ्या लीगच्या) टीमशी अशी जोडली जाणारी ही लीगमधली पहिली टीम. केसलसारख्या खेळाडू ऑलिंपिकच्या तयारीला गेल्या होत्या, तरी सोळापैकी तेरा मॅच जिंकल्या. मार्च २०१८ मध्ये बफेलोला १-० हरवून इझोबेल कप, म्हणजे लीगचा करंडक, घेतला. गोल अलेक्सा ग्रुशाउचा, गोलवर केटी फिट्झजेराल्ड. रिंक पक्कं, वेळ पक्की, सामान वाळायला जागा. निकालातला फरक बराचसा त्यानेच पडला, असं माझं ठाम मत आहे. २०१९ ला भागीदारी संपली आणि टीम मॉनमथ जंक्शनला, म्हणजे आपल्या मराठी मंडळींच्या एडिसन पट्ट्याच्या जवळ गेली. साडू तिथून वीस मिनिटांवर राहतात. एकदाही गेले नाहीत, आणि प्रेक्षक नाहीत हे मात्र तेच सांगणार!

२० एप्रिल २०२४ ला माँट्रियलच्या बेल सेंटरमध्ये मुलींच्या मॅचला २१,१०५ लोक होते. पण एक सांगायला हवं: ती पीडब्ल्यूएचएल ही वेगळी, नवी लीग, अब्जाधीश मार्क वॉल्टर यांच्या पैशावर उभी राहिलेली. तिथे पहिल्याच सीझनला किमान पगार ३५,००० डॉलर होता. आधी भांडवल, मग करार, हा क्रम तिथे पाळला गेला. रिव्हेटर्सच्या लीगला तो कधीच परवडला नसता, त्यामुळे माझी तुलना थोडी अन्यायाची आहे हे मान्य.

लडाखबद्दल: खेळाडू आहेत. भारतीय मुली २०१६ मध्ये लोकवर्गणीच्या आधाराने पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या आणि २०२५ मध्ये यूएईतल्या अल ऐनला आशिया कपचं ब्राँझ घेऊन आल्या. त्या संघात लडाखच्याच मुली जास्त. पण तळ्यावरचा बर्फ दोन-अडीच महिने टिकतो, तेवढ्यात लीगचा सीझन बसत नाही. टीमचं नाव, लोगो, जर्सी नंतर बघा. आधी बंदिस्त रिंकचे आठवड्यातले दोन पक्के स्लॉट, कुलूप लागणारी एक खोली आणि खेळाडूंचा अपघाती विमा, एवढं वर्षभरासाठी लिहून घ्या. पगाराचा आकडा त्यानंतर, आणि बँकेतली रक्कम बघूनच.